पोचलं नाही, की आत घेतलं नाही?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी एका पतसंस्थेत लेखनिक आहे. संगणकातलं थोडंफार कळतं, म्हणून तेही काम माझ्याकडेच आलं. मुख्य कचेरी आणि सहा शाखा मिळून ७४ संगणक आहेत, सगळे विंडोजचे, डोमेन (सगळी यंत्रं एका ठिकाणाहून सांभाळायची सोय) नाही. लेखापरीक्षकांनी यंत्रवार यादी मागितली, म्हणून इन्व्हेंटरीचं सॉफ्टवेअर घेतलं आणि मागच्या वर्षीचे आयपी पत्ते देऊन स्कॅन लावलं. ५१ यंत्रं नीट आली. १४ यंत्रांपुढे ‘आरपीसी सर्व्हर इज अनअव्हेलेबल’ येतं. त्यातली १२ दोन नव्या शाखांतली, दोन इथलीच. उरलेल्या ९ यंत्रांपुढे ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. ही नऊ गेल्या दिवाळीत घेतलेली आहेत. जुन्या यंत्रांवर मूळचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं चालू आहे, यांच्यावर आम्ही आमच्या नावाने वेगळं अ‍ॅडमिन खातं केलंय. पासवर्ड बरोबर आहे, यंत्रापुढे बसून टाकला की चालतो. आमचा पुरवठादार म्हणतो, सगळीकडची फायरवॉल बंद करा, एका तासात यादी देतो. करू का?

उत्तर : नाही. लोकांच्या ठेवींचा हिशेब ज्या यंत्रांवर आहे, त्यांची फायरवॉल एका यादीसाठी बंद करायची नाही. शिवाय ती बंद करूनही तुमची नऊ यंत्रं तशीच अडून राहतील, कारण त्यांचं दुखणं वेगळं आहे.

तुम्ही दोन्ही संदेश शब्दश: लिहून पाठवलेत, त्यामुळे अर्धं काम झालं. आरपीसी म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याशी दुरून बोलायची पद्धत. पहिल्याचा अर्थ, स्कॅन करणारं यंत्र समोरच्या दारापर्यंत पोचलंच नाही. काही सॉफ्टवेअर याच ठिकाणी १७२२ हा आकडा दाखवतात, काही त्याचंच सोळाच्या पायावरचं रूप, ज्याच्या शेवटी ०६बीए असतं. दुसऱ्याचा अर्थ, दारापर्यंत पोचलं, पण आतल्याने घेतलं नाही. इथे कोडच्या शेवटी ०००५ दिसेल.

आधी शाखांतली बारा घेऊ. विंडोजच्या फायरवॉलमध्ये ‘विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन’ (यंत्राची माहिती दुरून विचारायची सोय) नावाचा नियमांचा गट तयार असतो, तो चालू करायचा. पण खरी मेख पुढे आहे. नेटवर्क प्रायव्हेट किंवा पब्लिक म्हणून नोंदलेलं असेल, तर या नियमांत ‘रिमोट अ‍ॅड्रेस’च्या जागी मुळात ‘लोकल सबनेट’ असतं. म्हणजे त्याच शाखेतलं यंत्र विचारू शकतं, मुख्य कचेरीतलं नाही. नियम चालू केल्याचं समाधान होतं आणि त्रुटी जागच्या जागी. तिथे तुमच्या स्कॅन करणाऱ्या यंत्राचा एकच पत्ता घाला. सगळ्यांना मोकळीक देऊ नका.

आणि शाखेच्या राउटरवर फक्त १३५ नंबरचं पोर्ट (संपर्काचं दार) उघडून भागत नाही. १३५ वर नुसती चौकशी होते. पुढचं बोलणं ४९१५२ ते ६५५३५ मधल्या कुठल्याही पोर्टवर सरकतं. मधला राउटर ते अडवत असेल, तर पुन्हा तीच १७२२. तपासायला पॉवरशेलमधलं टेस्ट-नेटकनेक्शन वापरा, पत्ता आणि पोर्ट १३५ देऊन. नुसत्या पिंगवर भरवसा ठेवू नका, कारण विंडोज पिंगला उत्तर न देताही उत्तम चालू असू शकतं.

कचेरीतल्या दोन यंत्रांचा मला वेगळा संशय आहे: पत्ते मागच्या वर्षीचे आहेत. एका तालुक्याच्या कॉलेजात मी याच त्रुटीमागे दोन दिवस घालवले होते. पिंगला उत्तर यायचं, मग आरपीसी का नाही, म्हणून त्या प्रयोगशाळेतल्या पीसीची फायरवॉल, सर्व्हिसेस सगळं तपासलं. शेवटी एआरपी -ए ही आज्ञा देऊन त्या पत्त्याचा मॅक (नेटवर्क कार्डाचा स्वत:चा क्रमांक) काढला. पहिल्या तीन जोड्या पीसीच्या लॅन कार्डाशी जुळेनात. पिंग सतत चालू ठेवलं, एका मुलाला व्हरांड्यात उभं केलं आणि हजेरीच्या थंब मशीनची केबल काढायला सांगितली. त्याने खट्ट करून केबल काढली आणि पडद्यावरची उत्तरं थांबली. पत्ते आपोआप वाटणाऱ्या डीएचसीपीने तो पत्ता केव्हाच हजेरी यंत्राला दिला होता आणि मी दोन दिवस त्याला विंडोजचे प्रश्न विचारत होते. तेव्हा त्या दोन यंत्रांपाशी स्वत: जा, आयपीकॉन्फिग करून आजचा पत्ता बघा.

आता ती नऊ. पासवर्ड समोर बसून चालतो आणि दुरून चालत नाही, याचं कारण विस्टापासून विंडोजमध्ये आहे. वर्कग्रुपमधल्या, म्हणजे डोमेन नसलेल्या, यंत्रावर स्थानिक अ‍ॅडमिन खात्याने नेटवर्कवरून प्रवेश केला, तर त्याचे अ‍ॅडमिनचे अधिकार काढून घेऊन साध्या माणसासारखं वागवलं जातं. मूळचं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं याला अपवाद आहे. म्हणूनच तुमची जुनी यंत्रं आली आणि नवी अडली.

रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात) ‘लोकलअकाउंटटोकनफिल्टरपॉलिसी’ ही किंमत १ केली, की अडसर निघतो. पुरवठादार तेच करेल. मी तुमच्या जागी असते तर केलं नसतं. सगळीकडे एकच पासवर्ड असेल, तर एका यंत्रावरून चोरलेला पासवर्ड बाकी सगळ्यांची किल्ली होतो. (तुमच्या जुन्या यंत्रांची आज तीच अवस्था आहे. निदान पासवर्ड वेगवेगळे करा.) डोमेन नसेल तर सरळ एजंट, म्हणजे प्रत्येक यंत्रावर चालणारा छोटा प्रोग्रॅम, बसवावा. जीएलपीआय आणि ओसीएस इन्व्हेंटरी, दोन्ही मुक्त स्रोताची आहेत, दोन्हींना एजंट आहे. यंत्र आपली माहिती स्वत: बाहेर पाठवतं, म्हणून आत येणारं एकही दार उघडावं लागत नाही. एकदा प्रत्येक शाखेत जावं लागेल, तेवढं जा.

एक जोड. कुणाकडे जुनं स्कॅनर असेल आणि डोमेन असूनही ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येत असेल, तर समोरच्या यंत्राच्या सिस्टिम लॉगमध्ये १००३६ क्रमांकाची नोंद शोधा. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२३ पासून डीकॉमची (असे दुरून विचारलेले प्रश्न ज्यावरून येतात त्या यंत्रणेची) कडक तपासणी सक्तीची केली. नोंद सापडली तर दोष पासवर्डचा नाही, स्कॅनर अद्ययावत करायला हवा.

प्रश्न : आमच्या क्लासमध्ये असेंबल केलेले ३० पीसी आहेत. स्कॅन एकही त्रुटी देत नाही, पण यादीत फक्त चार दिसतात. दर वेळी त्या चारांची नावंही बदलतात!

उत्तर : त्या चारांपैकी एक उघडा आणि सिरियल नंबर वाचा. ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ किंवा ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’ असं काहीतरी असेल. कंपनीचा तयार पीसी येतो तेव्हा मदरबोर्डच्या बायोसमध्ये सिरियल भरलेला असतो. दुकानात जुळवलेल्या पीसीत ती जागा कोणी भरतच नाही. सॉफ्टवेअर सिरियलवरून ओळखतं, म्हणून सारखा मजकूर असलेली सगळी यंत्रं त्याला एकच वाटतात आणि शेवटचं आधीच्याला पुसून बसतं. चार ओळी म्हणजे बहुधा चार प्रकारचे बोर्ड.

ओळखीचा निकष बदलून मॅक पत्ता करा. यूयूआयडीवर (बोर्डात नोंदलेल्या ओळखक्रमांकावर) जाऊ नका, स्वस्त बोर्डांत तोही सारखाच निघतो. मात्र यूएसबीचं वायफाय डाँगल पीसी-पीसीत फिरवत असाल, तर त्याचा मॅक वगळा. आणि कॅबिनेटवर मार्करने १ ते ३० आकडे घाला, तेच संगणकाच्या नावात द्या.

प्रश्न : कचेरीतला नेटवर्क प्रिंटर ‘अज्ञात उपकरण’ म्हणून येतो. बाकी सगळे प्रिंटर नावानिशी येतात.

उत्तर : प्रिंटरची माहिती एसएनएमपीने (नेटवर्कवरच्या उपकरणांना माहिती विचारायच्या पद्धतीने) येते, यूडीपी १६१ वर. ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकून त्याची सेटिंग्ज उघडा आणि एसएनएमपी चालू आहे का बघा. चालू असेल तर कम्युनिटीचं नाव (ते इथे पासवर्डासारखं चालतं) वाचा: कोणीतरी ‘पब्लिक’ बदलून दुसरं ठेवलेलं असेल. चांगलंच केलं त्याने. ते परत ‘पब्लिक’ करू नका, नवं नाव स्कॅनरमध्ये भरा. स्पेलिंग लहान-मोठ्या अक्षरांसकट जुळलं पाहिजे. चुकलं तर प्रिंटर ‘चुकलं’ असं सांगत नाही, गप्प बसतो.