छोट्या देशाला खेळाडूंचा ‘रक्ताचा पासपोर्ट’ चालवणं जमेल का?

तुम्ही विचारलंय की चार-पाच लाख वस्तीच्या देशानं खेळाडूंच्या रक्ताच्या नोंदी ठेवून उत्तेजकं पकडायची ठरवलं, तर त्याला स्वतःची मोठी प्रयोगशाळा लागेल का, आणि यात सगळ्यात अवघड काय असतं.

प्रयोगशाळा लागत नाही. अवघड गोष्टी दोन: रस्ता आणि ओळखपाळख. मी परभणीची. १९ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेते आहे, आणि त्यातली काही वर्षं उत्तेजक चाचणीसाठी मैदानांवर जाऊन खेळाडूंचं रक्त घ्यायचं कामही केलं. त्या अनुभवावरून सांगते.

आधी पासपोर्ट म्हणजे काय ते. ईपीओसारखं, म्हणजे तांबड्या पेशी वाढवणारं, इंजेक्शन थोड्या थोड्या मात्रेत घेतलं तर लघवीत ते फार लवकर सापडेनासं होतं, पण रक्तात त्यानं केलेला बदल कितीतरी दिवस राहतो. म्हणून इथे औषधाऐवजी त्याची खूण शोधतात. सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं २००८ मध्ये हे सुरू केलं आणि २००९ च्या अखेरीस वाडानं, म्हणजे उत्तेजकांविरुद्धच्या जागतिक संस्थेनं, सगळ्या खेळांसाठी त्याची पद्धत ठरवून दिली. मुख्य आकडे दोन, हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट. रेटिक्युलोसाइट म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या पेशी. शेतातलं बोलायचं तर उभं पीक किती आणि नवी उगवण किती. ईपीओ चालू असताना उगवण वाढते. ते बंद केलं किंवा रक्ताची पिशवी चढवली की पीक दाट दिसतं आणि उगवण मात्र थांबलेली असते. हे एका आकड्यात मांडतात. लिटरमागे ग्रॅममधल्या हिमोग्लोबिनमधून रेटिक्युलोसाइटच्या टक्केवारीच्या वर्गमुळाची ६० पट वजा करायची. १५० हिमोग्लोबिन आणि १ टक्का असेल तर ९०. तोच खेळाडू पुढच्या वेळी १६५ आणि ०.२५ टक्क्यावर दिसला तर १३५, आणि अशी उडी दिसली की शंका येते.

तुलना त्याची त्याच्याशीच होते. त्यामुळे शंभर जणांचं एकेकदा घेतलेलं रक्त फारसं कामाचं नाही, दहा जणांचं वर्षात पाच-सहा वेळा घेतलेलं कामाचं. छोट्या देशाकडे लांब पल्ल्याचे धावपटू आणि सायकलपटू मोजकेच असतात, तेव्हा ही गोष्ट त्याच्या सोयीचीच आहे.

आता रस्ता. नळीतलं रक्त उबेला राहिलं की पेशी फुगतात आणि कोवळ्या पेशी नळीतच पिकत जातात, म्हणजे आकडाच बदलतो. म्हणून खोक्यात तापमान नोंदणारं यंत्र ठेवतात आणि हिशोब करतात: सरासरी तापमानाची तिप्पट अधिक रक्त घेतल्यापासून तपासेपर्यंतचे तास, ही बेरीज ८५ च्या पुढे जाता कामा नये. खोकं सरासरी ४ अंशांवर राहिलं तर ७३ तास हातात असतात, १० अंशांवर गेलं तर ५५. नांदेडहून गाडीनं हैदराबाद म्हणजे पाच-सहा तास, मग दिल्लीचं विमान, मग प्रयोगशाळेतला नंबर. तास पुरतात. पण मे महिन्यात बाहेर ४२ अंश असतात आणि माणूस घाबरतो. एकदा मीच घाबरून बर्फाच्या जास्तीच्या पिशव्या नळ्यांना चिकटवून ठेवल्या. नमुने गोठले, पेशी फुटल्या, आणि चार मुलांना पुन्हा सुई टोचावी लागली. तेव्हापासून नळ्या आणि बर्फ यांच्यामध्ये जाड पुठ्ठा घातल्याशिवाय मी खोकं बंद केलेलं नाही. गरम देश असेल तर तुमच्या माणसांना पहिल्यांदा हेच शिकवा. उन्हाच्या भीतीनं रक्त गोठवलं तर तेही वायाच जातं.

रक्त घेण्याआधीचे नियमही सांभाळावे लागतात. सरावानंतर ठरलेला वेळ थांबायचं, मग पाय जमिनीला टेकवून १० मिनिटं बसायचं, कारण पळून आल्यावर रक्तातलं पाणी इकडचं तिकडे झालेलं असतं. मुली म्हणतात, “मॅडम, घ्या की लवकर, बस जाती.” तरी थांबायचंच.

तपासणीचं यंत्र ठरलेल्या जातीचं लागतं, म्हणजे कुठेही तपासलं तरी आकडे जुळतात. त्यासाठी पूर्ण उत्तेजक-प्रयोगशाळा असावी लागत नाही. नैरोबीत २०१८ पासून फक्त या रक्तासाठी मान्यता मिळालेली लॅब आहे. त्याआधी केनियाच्या धावपटूंचं रक्त विमानानं बाहेर न्यावं लागायचं. आणि आपल्यासारखा मोठा देशसुद्धा या बाबतीत छोटा ठरू शकतो. २०१९ मध्ये दिल्लीच्या प्रयोगशाळेची मान्यता वाडानं थांबवली, ती २०२१ च्या डिसेंबरात परत मिळाली. मधल्या काळात आपले नमुने परदेशी जात होते.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. छोट्या ठिकाणी सगळे एकमेकांना ओळखतात. तालुक्याच्या मैदानाकडे आमची गाडी वळायच्या आत प्रशिक्षकाचा फोन वाजलेला असायचा. चार-पाच लाखांच्या देशात रक्तविकाराचा तज्ज्ञ एखादाच असणार, आणि तो खेळाडूच्या काकांचा शेजारी निघणार. म्हणून सुई आपली ठेवा आणि निर्णय बाहेर द्या. नोंदींवर नाव नसतं, फक्त संकेतांक असतो. नॉर्डिक देशांनी तर अशा नोंदी बघायला ओस्लोला एकत्र केंद्रच उभं केलंय. शेवटी तीन तज्ज्ञ कागद बघतात, आणि तिघांचंही मत ‘उत्तेजकच’ असं पडलं तरच प्रकरण पुढे जातं.

तीन कशाला, असं वाटेल. फिनलंडचा एरो मँटिरांटा हा स्कीपटू घ्या. ऑलिंपिकची सात पदकं. हिमोग्लोबिन २०० च्या वर, म्हणून आयुष्यभर संशय. पुढे त्याच्या घराण्याची तपासणी झाली तेव्हा जन्मजात जनुकीय बदल सापडला. आपल्याकडे उलट बाजूनं हेच घडतं. किनवटकडे सिकलसेल हा जन्मजात रक्तविकार आहे, आणि गावोगावच्या मुलींमध्ये ॲनिमिया. हिमोग्लोबिन ९ ग्रॅम (आपल्या लॅबच्या डेसिलिटरच्या मापात; वरच्या लिटरच्या मापात ९०) असलेल्या मुलीला लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की दहा दिवसांत उगवण भराभर वाढते. हे माहीत नसलेल्या माणसाला तो कागद पाहून शंका येईल. म्हणून फॉर्मवर औषधं, रक्तस्राव, उंचीवरचा मुक्काम हे सगळं नीट विचारून लिहा. माझ्या मते अर्धा कार्यक्रम त्या फॉर्मवर उभा असतो.

सुरुवात करायचीच असेल तर वयात येणाऱ्या मुलामुलींपासून करा, त्यांच्या तब्येतीसाठी म्हणून. आमच्या मैदानावरच्या मुलींची मी साधी वही ठेवली आहे, दर तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन. एक ऊसतोड कामगारांची मुलगी आहे, सहा महिने कारखान्यावर असते. ९.४ वर आली होती, या दिवाळीत १२.१ झाली. कारखान्यावरून परतली की पहिल्या दिवशी वही मागते, आणि गोळ्या कुठल्या तारखेला सुरू केल्या, कुठल्या दिवशी चुकल्या, हे स्वतःच्या हातानं लिहून ठेवते.