परळच्या कावळ्यांपासून सुरुवात करा

प्रश्न : ताई, मी परळच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. वय 49. मुलाने यंदा दिवाळीआधीच कॅमेरा घेऊन दिला, सोबत 18-55 आणि 70-300 मिलिमीटरच्या दोन लेन्स. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव छायाचित्रणाची कार्यशाळा आहे, तिथे नाव घातलंय. हातात तीन आठवडे आहेत. बाकीचे सगळे मोठ्या लेन्सवाले असतील, या विचाराने धास्ती वाटते. 150-600 ची मोठी लेन्स भाड्याने घेऊ का? आणखी काय तयारी करू? आणि बिबट्या दिसला तर?
— एक शिक्षिका, परळ

उत्तर : बाई, ती लेन्स भाड्याने घेऊ नका. जवळपास दोन किलोचं ते वजन सवय नसलेल्या हाताला तासाभरात थरथरवतं. शिवाय पावसाळा सरल्यावर बोरिवलीच्या जंगलात खरी श्रीमंती असते ती फुलपाखरांची, सरड्यांची आणि पायवाटेच्या वर जाळं ताणून बसलेल्या हातभर जाळ्यांच्या कोळ्यांची. असा कोळी चार-पाच फुटांवर असतो. मोठी लेन्स इतक्या जवळचं फोकसच करत नाही, तुमची 70-300 करते. तुमचा कॅमेरा बहुतेक क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आतली प्रकाश टिपणारी चकती लहान असलेला असणार, त्यामुळे 300 वर तुम्हाला साधारण 450 इतकं जवळचं दृश्य मिळतं. पहिल्या कार्यशाळेला एवढं भरपूर आहे.

तयारी करायची ती हातांची, आणि ती परळलाच होते. रोज शाळा सुटल्यावर वीस मिनिटं काढा. गच्चीवर किंवा शाळेच्या आवारात कावळे आहेत, घारी आहेत, आणि जवळपास वड-उंबर असेल तर पानांत बसून टुक-टुक करणारा तांबटही सापडेल. डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला ठेवूनच आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) बदलायचा, फोकसचा बिंदू सरकवायचा, शटरचा वेग वाढवायचा. बटणाकडे बघायला मान खाली घातली की पक्षी गेलाच. मी नव्या मुलांना हे रात्री दिवे बंद करून करायला लावते. आठवड्याभरात बोटांना वाट कळते.

तुम्ही विज्ञान शिकवता, तर एक प्रयोग वर्गातच करा. कॅमेरा ऑटोवर ठेवून फक्त काळ्या फळ्याचा फोटो काढा, मग फक्त पांढऱ्या भिंतीचा. दोन्ही राखाडी येतील. समोर जे असेल ते मध्यम राखाडीच आहे, असं कॅमेऱ्याचं मीटर धरून चालतं. म्हणून कावळ्याने चौकट भरली तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं उणे करायचं. आकाशातली घार नुसती सावली दिसते, तिच्यासाठी एकाने अधिक, म्हणजे उजेड दुप्पट. बगळ्याचं मात्र नीट बघा : चौकटभर बगळा असेल तर अधिक, पण गर्द झाडीपुढे एवढासा पांढरा ठिपका असेल तर उणे, नाहीतर पिसांचा सगळा तपशील जळून जातो. हे एकदा हाताशी आलं की उद्यानात प्रशिक्षकांचं बोलणं तुम्हाला पहिल्या वाक्यापासून कळेल. आणि झाडांच्या सावलीत 1600, 3200 आयएसओ लावायला कचरू नका. दाणेदार पण स्पष्ट फोटो ठेवता येतो, हललेला नाही.

आता मुंबईची खास गोष्ट. माझ्या पहिल्या कार्यशाळेच्या आदल्या रात्री कॅमेऱ्याची बॅग एसीच्या खोलीत होती. सकाळी उद्यानात बॅग उघडली आणि बाहेरच्या दमट हवेने लेन्सवर धुकं धरलं. पुसलं की पुन्हा येत होतं. त्याच वेळी हळद्या खालच्या फांदीवर, डोळ्यांच्या उंचीला येऊन बसला होता. इतका जवळ तो मला नंतर कधीच मिळाला नाही, आणि मुलुंडला राहून मी या जंगलात बावीस वर्षं फिरते आहे. तर आदल्या रात्री बॅग एसीच्या बाहेर ठेवा. चुकून धुकं आलंच तर थांबा, आणि तोवर लेन्स काढू नका, ओल आत सेन्सरपर्यंत जाते.

कपडे मातकट, पूर्ण बाह्यांचे. अत्तर नको. डास खूप असतात, पण डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम लावलं तर हात पुसूनच कॅमेरा धरा, डीटने प्लॅस्टिक आणि रबर खराब होतं. दोन बॅटऱ्या, पाणी. जुन्या जीन्सचा पाय शिवून त्यात तांदूळ भरा, कठड्यावर लेन्स टेकवायला त्याच्यासारखं काही नाही. सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा प्रभादेवीहून अगदी सुरुवातीची लोकल धरा.

बिबट्या बहुतेक रात्री फिरतो, दिवसा माणसांच्या घोळक्यासमोर सहसा येत नाही. दिसलाच तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, सगळ्यांनी एकत्र राहून हळूहळू मागे यायचं. फोटो राहू दे. आणखी दोन गोष्टी मनापासून मागते. कोणी मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू लागलं, तर नको म्हणा. तो आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून खाणं सोडून धावत येतो. आणि उद्यानात वारल्यांचे पाडे आहेत. ती त्यांची घरं आहेत, विचारल्याशिवाय कॅमेरा वर करू नका.

प्रश्न : जानेवारीत ऐरोलीहून होडीने फ्लेमिंगो टिपायला जाणार आहोत. पहाटेची वेळ हवी होती, दुपारची मिळाली. ट्रायपॉड नेऊ ना?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : होडीची वेळ खाडीचं पाणी ठरवतं. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून भरती-ओहोटीचं कोष्टक आधी बघा आणि मग तारीख निवडा. ओहोटी लागून चिखल उघडा पडू लागला की रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चरायला उतरतात, पण पार ओहोटीला होडी जात नाही. मधली वेळच कामाची. ट्रायपॉड घरी ठेवा, इंजिनाची थरथर त्याच्या पायांतून कॅमेऱ्यात चढते. हातात धरा, शटरचा वेग 1/1600 सेकंदाहून कमी करू नका. दुपारच्या उन्हात ती फिकी गुलाबी पिसं झटकन पांढरी फटक होतात, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) बघून एक्स्पोजर कमी करा. उडणारा थवा हवा म्हणून होडी त्यांच्या अंगावर न्यायला मात्र सांगू नका. चिखल उघडा असेल तेवढेच तास त्यांना पोटभर खायला मिळतं. पाणी चढू लागलं की ते आपणहून उठतात, तोवर कॅमेरा तयार ठेवून बसा.