भीमाशंकरच्या जंगलात शेकरू खरंच दिसतं का?

दोनदा भीमाशंकरला जाऊनही शेकरू (झाडांवर राहणारी मोठी खार) दिसलं नाही, आता ते जंगलात उरलंय तरी का, असं तुम्ही विचारलंय. उरलंय. मलाही पहिल्या तीन फेऱ्यांत दिसलं नव्हतं, कारण मी पायवाटेकडे बघत चालत होतो. हा प्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो.

आधी कान द्या. झाडांच्या शेंड्यांतून एकदम कर्कश खडखडाट सुरू झाला की तिथेच थांबा. मग घरटी शोधा. बारीक फांद्यांच्या टोकाशी काटक्या आणि पानांचे मोठे गोळे अडकल्यासारखे दिसतात, तीच ती. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, आणि तीही जिथे बिबट्याचं वजन फांदीला पेलणार नाही अशा जागी. तांबूस पाठ, फिकट पोट आणि अंगाहून लांब शेपूट. या झाडावरून त्या झाडावर झेपावताना पंधरा-वीस फुटांचं अंतर ते सहज तोडतं.

पण ही झेप जमते ती झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतलेले असतात म्हणून. माझ्या मते भीमाशंकर बघायचं ते यासाठी. पश्चिमेला कडा थेट कोकणात कोसळतो, समुद्राकडून आलेले ढग त्याला अडतात आणि इथे धो धो पाऊस पडतो. कड्यापलीकडे पडलेलं पाणी अरबी समुद्राला जातं, अलीकडचं भीमेतून, पुढे कृष्णेतून, थेट बंगालच्या उपसागराला. माथ्यावरच्या वाऱ्यामुळे झाडं फार उंच वाढत नाहीत, पण अंजनी, जांभूळ, हिरडा यांची दाटी होते. त्यातले जुने दाट तुकडे गावांनी देवराया म्हणून राखले. पुढे 1985 साली सुमारे 130 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, तेही मुख्यतः शेकरूसाठी. रस्ता रुंद करताना मधलं एखादं मोठं झाड गेलं तरी शेकरूची वाट तुटते, हे बघून मला फार वाईट वाटतं.

पावसाळ्यात मात्र शेकरूची आशा धरू नका, धुक्यात हातभर पुढचंही दिसत नाही. तेव्हा कुजक्या लाकडावरची बुरशी अंधारात हिरवट उजळते, ती बघण्यासारखी असते. पण रात्री वनखात्याच्या परवानगीशिवाय जंगलात शिरू नका.

शेकरूसाठी हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात जा. सकाळी आठच्या आत देवळाकडची गर्दी सोडून गुप्त भीमाशंकरच्या वाटेला लागा, फळांनी लगडलेलं उंबर किंवा जांभूळ गाठा आणि तासभर गप्प बसा. दुपारी ते फांदीवर पसरून झोपतं, तेव्हा शोधण्यात अर्थ नाही. खायला मात्र काही टाकू नका, बिस्किटसुद्धा नाही.