पंधरा मिनिटांचं म्हातारपण

प्रश्न: मी नववीची क्लासटीचर आहे. १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिनाची भाषणं होतात आणि मुलं जांभया देतात. यंदा त्यांना म्हातारपण जरा अनुभवायला द्यायचंय, पण परदेशात असतात तसे, अंगात घातले की म्हातारपण जाणवून देणारे सूट आम्हाला परवडणार नाहीत. काय करता येईल?

उत्तर: सूट विसरा हो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या एजलॅब या प्रयोगशाळेने ॲग्नेस नावाचा सूट बनवलाय, चांगलाच आहे, पण १९७९ मध्ये पॅट्रिशिया मूर ही २६ वर्षांची अमेरिकन डिझायनर मेकअप, धूसर चष्मा, कानात बोळे आणि पायांना बँडेज एवढ्यावर म्हातारी बनून अमेरिका-कॅनडात जवळपास तीन वर्षं फिरली. तुम्हाला तर एक तास काढायचाय.

डोळ्यांपासून सुरू करा. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, बाहुली लहान राहते, आत उजेडच कमी जातो. जुन्या गॉगलला पिवळा जिलेटीन पेपर चिकटवा, वर हलकं व्हॅसलीन, आणि गोळ्यांच्या स्ट्रिपवरची एक्सपायरी डेट वाचायला लावा, बघा काय होतं. कानात कापूस (वरवरच, आत कोंबायचा नाही). खरं तर म्हातारपणी आधी बारीक, उंच आवाज जातात म्हणून आजोबा म्हणतात ना, आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, तेच. कापसाने ते हुबेहूब जमत नाही पण कल्पना येते. दोन-दोन हातमोजे घालून शर्टची बटणं लावायची. गुडघ्यांना क्रेप बँडेज, सैलसरच, आणि मग जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि हात न टेकता उठायचं, हे आपल्याकडे सगळ्यात जास्त लागतं बरं का.

काठी आणि वाकलेली पाठ अजिबात देऊ नका, लगेच गॅदरिंगची नक्कल सुरू होते. तो चष्मा घालून जिनाही नको.

एक गोष्ट मात्र खोटी आहे यात. मुलांना सगळं एकदम होतं, आजी-आजोबांना ते हळूहळू वीस-तीस वर्षांत होतं आणि तोवर त्यांनी आपापल्या युक्त्या काढलेल्या असतात, त्यामुळे मुलं नुसती घाबरून किंवा "बिच्चारे" म्हणत घरी जातात. म्हणून दोन-चार आजी-आजोबांना बोलवाच, तीच कामं त्यांनाही द्या, सुईत दोरा कसा ओवतात ते मुलांना बघू दे.

जोड्या करा, एक म्हातारा, एक मदतनीस, पंधरा मिनिटांनी अदलाबदल. नंतर आधी मदतनीसांना विचारा, "अरे लवकर कर ना" कधी तोंडातून गेलं? खरी चर्चा तिथून निघते.