माग किती, त्यातले चालू किती?

वाचकांचे प्रश्न : वैमानिक प्रशिक्षण

प्रश्न : ताई, नमस्कार. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे टॉवेलचे यंत्रमाग आहेत. मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, फिजिक्स आणि मॅथ्समध्ये मार्क चांगले आहेत. पायलटच व्हायचे म्हणतो. तीन ठिकाणची कोटेशन आणली. पहिली संस्था 38 लाख म्हणते, आणि सगळे एकदम भरले तर 2 लाख सूट. दुसरी 52 लाख, हप्त्याने. तिसरा पुण्यातला एजंट परदेशात पाठवतो, ते साठच्या वर जाते. उडायचे तास सगळीकडे 200 च सांगतात. मग पहिल्या दोघांत 14 लाखांचा फरक कशाचा? मी हिशेबी माणूस आहे, पण या धंद्यातले मला कळत नाही. 38 वाल्यांकडे जावे असे वाटते. – एक वडील, सोलापूर

उत्तर : दादा, आधी एक विनंती. हे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत त्या 2 लाखांच्या सुटीसाठी चेक फाडू नका.

माझे वडीलही मागवालेच. साखर पेठेत आठ माग होते. 2006 साली त्यांनी त्यातले चार विकले, उरलेल्यांवर कर्ज काढले आणि माझी फी एकरकमी भरली, कारण एकरकमीला सूट होती. संस्थेचे नाव घेत नाही. चौदा महिन्यांत लायसन्स हातात, असे सांगितले होते. मला 34 महिने लागले. माझे लॉगबुक अजून कपाटात आहे. त्यात एका पानावर 9 जूनची नोंद आहे, सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, 50 मिनिटे. तिच्या खालची ओळ 21 नोव्हेंबरची. मधल्या साडेपाच महिन्यांत मी रोज सकाळी सहाला गणवेश चढवून डिस्पॅचच्या फळ्यासमोर उभी राहायचे. फळ्यावर सात विमानांची नावे असायची आणि पाचांपुढे खडूने लिहिलेले असायचे ‘यू/एस’, म्हणजे उडण्याजोगे नाही. उरलेल्या दोनांसाठी आम्ही चाळीस जण. वडील फोनवर विचारायचे, ‘आज उडालीस का गं?’ मी ‘हो’ म्हणायचे. पुढे मी अकरा वर्षे प्रशिक्षक म्हणून काम केले आणि आता सोलापुरातच असते, पण तो फळा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून तुमच्या भाषेत सांगते. कारखाना विकत घ्यायला गेलात तर तुम्ही माग किती एवढेच विचारता का? त्यातले चालू किती, आणि पाळीला कापड किती निघते, हे विचारता. इथेही तेच विचारा. तासाचा दर काय, हा दुसरा प्रश्न. महिन्याला मुलाच्या वाट्याला किती तास येतील, हा पहिला.

हिशेब करू. समजा, पहिल्या संस्थेकडे कागदावर दहा विमाने आहेत, उडणारी सहा, आणि विद्यार्थी 60. एक विमान महिन्याला सरासरी 80 तास उडते असे धरा, म्हणजे एकूण 480 तास. वाट्याला येतात 8. 200 तासांना 25 महिने. दुसरीकडे उडणारी विमाने बारा आणि विद्यार्थी 70 असतील तर वाट्याला जवळपास 14 तास येतात, पंधराएक महिन्यांत काम होते. आता या दहा महिन्यांची किंमत काढा. 30 लाखांचे कर्ज 11 टक्क्यांनी घेतले तर महिन्याचे नुसते व्याज 27,500. हॉस्टेल, मेस, वरखर्च 18,000 धरा. महिन्याला 45,500 प्रमाणे दहा महिन्यांचे साडेचार लाख झाले. शिवाय खंड पडला की हात जातो. लँडिंग पुन्हा बसवावे लागते आणि सोलो, म्हणजे एकट्याला, सोडण्याआधी प्रशिक्षक पुन्हा चेक घेतो. ते दहा-पंधरा तास पॅकेजबाहेर लागले तर दीड-दोन लाख आणखी. 38 चे 44-45 इथेच झाले, आणि मुलाच्या कमाईचे जे जवळपास एक वर्ष गेले ते मी धरलेलेच नाही.

आणि ते 38 तरी कशाकशाचे, तेही पाहा. लायसन्ससाठी किमान 200 तास लागतात. त्यांत 100 तास पायलट-इन-कमांड म्हणून, एकट्याच्या जबाबदारीवर, 20 तास क्रॉस कंट्री, म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी, 10 तास इन्स्ट्रुमेंटवर, म्हणजे बाहेर न पाहता उपकरणांवरून, 5 तास रात्रीचे. धावपट्टीवर रात्रीचे दिवे नसतील तर त्या 5 तासांसाठी मुलाला दुसऱ्या गावी पाठवतात, त्याचा राहण्याचा खर्च कोणाचा? मल्टी-इंजिनचे, म्हणजे एकाहून जास्त इंजिनांच्या विमानाचे, तास धरलेत का? स्किल टेस्टला लागणारे विमान, लँडिंग चार्ज, गणवेश, हेडसेट, परीक्षेच्या फिया? इंधन महागले तर दर वाढवायचा हक्क त्यांनी करारात ठेवलाय का? मोजणीही विचारा. इंजिन चालू झाल्यापासूनचा हॉब्स मीटर धरतात की विमान जमिनीवरून सुटल्यापासूनचा वेळ? एका सॉर्टीत, म्हणजे एका उड्डाणात, दहा मिनिटांचा फरक पडतो, 200 तासांत तो काही लाखांचा होतो. ही उत्तरे तोंडी घेऊ नका, लिहून घ्या.

फी टप्प्याटप्प्याने द्या : पहिला सोलो, 50 तास, 100 तास, असे. मधेच सोडावे लागले तर न उडलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे करारात असलेच पाहिजे. सगळे पैसे आधी घेतलेल्या संस्थेला तुमचा मुलगा उद्या उडाला काय आणि पुढच्या महिन्यात उडाला काय, सारखेच. हे मी रागाने म्हणत नाही. अकरा वर्षे या धंद्याच्या आतून पाहिलेले सांगते.

आता प्रत्यक्ष जाऊन या. आपल्या राज्यात बारामती, गोंदिया, धुळे अशा ठिकाणी विमाने उडवायला शिकवतात. बारामती तर सकाळी निघून संध्याकाळी परतण्याइतकी जवळ. रविवारी किंवा ‘ओपन डे’ला जाऊ नका. मधल्या वारी, न कळवता, सकाळी सातच्या सुमारास जा. दोन तास बाहेर थांबून किती वेळा विमान चढले-उतरले ते मोजा. मग ऑफिसात न जाता आधी चहाच्या टपरीवर जा. गणवेशातली मुले तिथे भेटतील. दोनच गोष्टी विचारा : कधी आलास, आणि आतापर्यंत किती तास झाले? दहा जणांची उत्तरे घ्या आणि तासांना महिन्यांनी भागा. माहितीपत्रकात नसलेला आकडा तुमच्या हातात येईल. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर ढग खाली उतरतात, विद्यार्थ्याला एकटा सोडता येत नाही. म्हणून ‘पावसाळ्यात किती उडालास?’ हेही विचारा. नंतर ऑफिसात जाऊन विमानांची दर 50 आणि 100 तासांची तपासणी जागेवरच होते की बाहेरून इंजिनिअर येईपर्यंत विमान पडून राहते, ते विचारा. फळा दाखवा म्हणा. फळा दाखवायला जे कांकू करतात, तिथून परत या.

गुणवत्तेचे म्हणाल तर चकचकीत इमारत आणि काट्यांऐवजी स्क्रीन लावलेले ‘ग्लास कॉकपिट’ यांच्यावर जाऊ नका. जुन्या सेसना 152 वर शिकलेले उत्तम पायलट मी पाहिलेत. गुणवत्ता असते माणसात. माझे 34 महिने अगदीच वाया गेले नाहीत, कारण शेवटच्या वर्षी आम्हाला एक सर लाभले. आडवा वारा होता, मी विमान आपटलेच. खाली आल्यावर ते ओरडले नाहीत. विमानाच्या चाकाशी उकिडवे बसले, खडूने सिमेंटवर धावपट्टी काढली आणि विचारले, ‘जमीन जवळ आली तेव्हा तुझे डोळे कुठे होते?’ माझे डोळे नाकापुढच्या जमिनीवर होते, असायला हवे होते धावपट्टीच्या टोकाला. 50 मिनिटांच्या सॉर्टीनंतर ते 40 मिनिटे बोलले. पुढे मी शिकवले ते त्या खडूच्या रेघांवर. तेव्हा मुलांना विचारा, सॉर्टीनंतर सर बसवून समजावतात का? वर्षभरात प्रशिक्षक किती वेळा बदलले? अनेक तरुण प्रशिक्षक स्वतःचे तास भरेपर्यंतच थांबतात आणि एअरलाइनचे बोलावणे आले की जातात. त्यांचे चूक नाही, पण चार महिन्यांत तिसरे सर म्हणजे मुलाची तीनदा सुरुवात.

एक धोक्याची खूण सांगून ठेवते. ‘काळजी करू नका, तास भरून देऊ’ असे कोणी म्हणाले तर उठून या. आमच्यात याला ‘पी-51’ तास म्हणतात, पार्कर 51 पेनाने लिहिलेले, आकाशात न उडलेले. हा गुन्हा आहेच. पण मी आई म्हणून बोलते : ज्या पोराच्या मागे उद्या 180 माणसे बसणार, त्याचा एकही तास कागदावरचा नको.

2025 पासून डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणारे सरकारी कार्यालय, प्रशिक्षण संस्थांना वर्षातून दोनदा श्रेणी देऊ लागले आहे : ए प्लस प्लस, ए, बी, सी. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती. त्यामुळे ताजी यादी जरूर पाहा, पण ती पाहून बारामतीची फेरी टाळू नका.

परदेशाचे थोडक्यात. हवामान चांगले मिळाले तर तास भराभर होतात, हे खरे. पण डॉलर वर गेला की बजेट कोसळते, आणि परतल्यावर लायसन्स भारतीय करून घ्यायला डीजीसीएचे पेपर आणि इथल्या चाचण्या असतातच. एजंटाच्या आकड्यात हे बहुधा नसते. तुमच्या ठिकाणी मी असते तर तिसरे कोटेशन बाजूला ठेवले असते.

सगळ्यात आधी मेडिकल. क्लास 2 आणि मग क्लास 1, या दोन्ही वैद्यकीय तपासण्या पार पडल्याशिवाय कोणाला रुपया देऊ नका. ते होईपर्यंत मुलाने घरी बसून एअर नेव्हिगेशन, मीटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स हे पेपर काढावेत. पासिंग 70 टक्के आहे, सोपे नाही. पण हॉस्टेलचे भाडे भरत अभ्यास करण्यापेक्षा आईच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन केलेला बरा. या अभ्यासात त्याची चिकाटीही तुम्हाला कळेल.

कर्जाचेही बघून ठेवा. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. माग आणि राहते घर दोन्ही अडकवू नका. लायसन्स मिळाले म्हणजे नोकरी मिळाली असे नाही. मोठ्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचे विमान चालवण्याचे प्रशिक्षण, वेगळे, त्याला पंधरा लाखांच्या आसपास लागतात, आणि मधे काही महिने घरी बसायची वेळही येते. तेवढे हाताशी ठेवून उरेल ते तुमचे खरे बजेट. त्यात 52 बसत नसतील तर वर्षभर थांबा, ओबीसी किंवा भटक्या-विमुक्तांत असाल तर महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेच्या पायलट प्रशिक्षणाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा, पण कमी पडतात म्हणून 38 ला जाऊ नका. टपरीवरचा भागाकार 38 वाल्यांच्या बाजूने आला तर मात्र खुशाल तिथे घाला. मला आकड्याशी वैर नाही.

जाल तेव्हा मुलाला बरोबर न्या आणि टपरीवर त्यालाच बोलू द्या. वडिलांशी ती मुले जपून बोलतात, बरोबरीच्याशी खरे बोलतात.

प्रश्न : मॅडम, मी मंगळवेढ्याची. बारावी कॉमर्स झाले आहे आणि मला चष्मा आहे. होटगी रोडवरून गोव्याचे विमान सुरू झाल्यापासून मनात हेच आहे. माझे दार बंद झाले का?

उत्तर : नाही बाळ. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून फिजिक्स आणि मॅथ्स हे लागणारे दोन विषय बारावीच्या पातळीवर देता येतात. चष्मा असला म्हणून कोणी बाद होत नाही. चष्म्यातून नीट दिसले पाहिजे आणि रंग ओळखता आले पाहिजेत. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडून आधी क्लास 2 करून घे, फॉर्म नंतर भर. आणि वरचे उत्तर तुझ्या आईबाबांना वाचून दाखव.