जमिनीत दडलेले जुने भूकंप

प्रश्न : आमच्या निपाणीकडे आजोबा-पणजोबांच्या आठवणीतही मोठा भूकंप नाही. मग हजारो वर्षांपूर्वीचे भूकंप शास्त्रज्ञांना कसे कळतात? – एक वाचक, निपाणी

उत्तर : आठवण नसणे म्हणजे धोका नसणे नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीने हे फार क्रूरपणे दाखवून दिले. खंडाच्या अंतर्भागातील भ्रंशांवर (ज्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासून सरकतात अशा भेगांवर) ताण इतका हळू साठतो की दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षे जाऊ शकतात आणि तेवढ्या काळात पाऊस, नांगर व नदीचा गाळ जमिनीवरील खुणा पुसून टाकतात.

म्हणून भ्रंशरेषेवर आडवा चर खणतात. चराची भिंत खरवडून स्वच्छ केली की गाळाचे थर दिसतात. एखादा थर मधेच तुटून वर सरकलेला असेल आणि त्याच्यावरचा थर अखंड असेल, तर भूकंप त्या दोन थरांच्या दरम्यानच्या काळात झाला असे ठरते. थरातल्या कोळशाच्या तुकड्यावरून कार्बन-१४ पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतचे वय काढता येते.

मात्र घाई नको. गोकाकचा सुमारे ५२ मीटरचा धबधबा पाहून भ्रंशाची शंका येते, पण घटप्रभा तिथे कठीण वालुकाश्मावरून कोसळते, आणि कडा तयार व्हायला तेवढा खडकही पुरतो. आपल्या काळ्या रानातल्या उन्हाळी भेगाही माती सुकून आकसल्याने पडतात. याउलट, १८१९ च्या कच्छ भूकंपात जमीन उचलली जाऊन तयार झालेला ‘अल्लाह बंद’ हा लांबलचक उंचवटा आजही रणात दिसतो.