वाडा ताब्यात घेण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्याचा तळमजला तुम्हा नऊ जणांना भाड्याने मिळतो आहे आणि चित्रकार, शिल्पकार व पेठेतली मुले यांना एकत्र बसून काम करता येईल अशी जागा तुम्ही तिथे उघडणार आहात, हे वाचून मनापासून आनंद झाला. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या या कोल्हापुरात हाताला कला असलेली माणसे कमी नाहीत. पण अर्धवट काम तसेच सोडून जावे आणि दुसऱ्या दिवशी ते तिथेच, तसेच सापडावे, एवढी सोय दोन खोल्यांच्या घरात होत नाही. त्यासाठी स्वतंत्र जागा लागते.

संस्थेचे नाव काय ठेवावे आणि उद्घाटनाला कोणाला बोलवावे, असे तू विचारले आहेस. नाव उच्चारायला सोपे ठेवा आणि उद्घाटनाला पेठेतल्या शेजाऱ्यांना बोलवा. यापेक्षा अधिक विचार त्यावर करू नका. माझे लक्ष तुझ्या पत्रात जे नाही त्याकडे गेले. सकाळी कुलूप कोण उघडणार, फरशी कोण पुसणार आणि दरमहा भाड्याचे पैसे कोणाच्या हातून जाणार, याचा त्या चार पानांत कुठेही उल्लेख नाही.

हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण तुझ्या वयाचे असताना आम्ही सात मित्रांनी एका गोदामावरची खोली अशीच घेतली होती. माझे घर सर्वांत जवळ म्हणून किल्ली माझ्याकडे राहिली. वर्षभरात बाकीचे सहाजण खोलीवर येण्यापूर्वी मला विचारू लागले, पुढे येणे कमी करू लागले, आणि जी खोली सर्वांची होती ती लोकांच्या तोंडी माझी खोली झाली. मला ते त्या वेळी उमगले नाही. उमगले असते तर पहिल्याच महिन्यात सात किल्ल्या करून घेतल्या असत्या. तिसऱ्या वर्षी जून महिन्यात मालकांनी पंधरा दिवसांत जागा रिकामी करायला सांगितली. करार तोंडी होता, त्यामुळे दाखवायला आमच्याकडे एक कागदही नव्हता. चित्रे भर पावसात हातगाडीवरून ज्याच्या त्याच्या घरी गेली आणि त्यांतली निम्मी बुरशीने खाल्ली.

म्हणून पहिले काम कराराचे. भाडे कितीही कमी असले आणि मालक कितीही ओळखीचे असले, तरी लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून त्याची नोंदणी झालीच पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे ही नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे, हे त्यांना आदराने पण स्पष्टपणे सांगा. अकरा महिन्यांच्या करारावर तुम्ही भिंतींना रंग आणि जमिनीला फरशी करणार असाल, तर तो पैसा वाया जाईल. निदान तीन वर्षांची मुदत मागा. करार कोणा एकाच्या नावावर नको, संस्थेच्या नावावर हवा. त्यासाठी संस्था आधी नोंदवावी लागेल. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात, तुम्ही नऊ आहात. आणि आपल्या राज्यात त्याबरोबरच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयातही नोंद करावी लागते. हे काम कंटाळवाणे आहे, पण जो सभासद या कामाला नियमित येईल तोच पुढे हिशेबालाही उपयोगी पडेल, असा माझा अनुभव आहे.

आता झाडण्या-पुसण्याविषयी. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत एकदा पहाटे जाऊन बघ. जे पैलवान त्या मातीत लढतात तेच लढण्यापूर्वी हौदा खणतात, माती उलटीपालटी करतात. त्या मातीत ताक, तेल, हळद घालून ती मऊ राखण्याची काळजीही तालमीतच घेतली जाते. तुमच्या जागेतही प्रत्येकाचा वार ठरलेला असावा आणि तो वार तुमच्यातल्या सर्वांत नामवंत चित्रकारालाही चुकू नये. पगारी माणूस ठेवण्याची घाई करू नका. ज्याने स्वतः फरशी पुसली आहे, तो रंगाची वाटी जमिनीवर उपडी करून निघून जात नाही.

पैशाविषयी मला चोळमंडळचे उदाहरण नेहमी मोलाचे वाटते. १९६६ मध्ये चित्रकार के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांचे विद्यार्थी यांनी तेव्हाच्या मद्रासजवळ समुद्रकाठी कलाकारांचे गाव वसवले. चित्रे विकली जातील याची वाट पाहत ते बसले नाहीत. बाटिकची कापडे आणि हस्तकलेच्या इतर वस्तू करून विकल्या आणि त्या कमाईवर आपली जागा उभी केली. देणगीदार शोधू नकोस असे मी म्हणत नाही. परंतु दरमहाचे भाडे आणि वीजबिल तुमच्या हातांच्या कामातून निघाले पाहिजे. मुलांचे रविवारचे वर्ग आणि गणपतीच्या आधी शाडूच्या मूर्तींची कार्यशाळा एवढ्यावर सुरुवात होऊ शकेल. सहा महिन्यांचे भाडे बँकेत वेगळे जमा झाल्याशिवाय दार उघडू नका, मग दिवाळीचा मुहूर्त चुकला तरी चालेल.

वाड्याच्या भिंती मातीच्या आहेत असे तू लिहितोस. आपल्याकडच्या पावसात त्या जमिनीपासून हातभर ओल ओढतात. कागद आणि कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नका. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून लाकडी मांडणी करा. शाडू धुतलेले पाणी थेट मोरीत सोडले, तर वर्षभरात मोरी तुंबेल आणि शेजाऱ्यांशी पहिले भांडण त्यावरूनच होईल; ते पाणी पिंपात निवळू द्या आणि तळाची माती पुन्हा वापरा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडते आणि ढिगात साठलेल्या त्या उष्णतेने चिंध्या आपोआप पेट घेतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून त्यातच त्या टाका. तुमच्या डोक्यावर सागाच्या तुळया आहेत आणि वरच्या मजल्यावर माणसे राहतात.

जागा लहान आहे, अशी खंत तू व्यक्त केली आहेस. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने नाटके केली, तेव्हा तेही काही नाट्यगृह नव्हते, शाळेचा साधा हॉल होता, पण प्रायोगिक नाटक करणाऱ्या इतर संस्थांनाही तिथे जागा मिळत गेली, म्हणून त्या शाळेचे नाव एका चळवळीला लागले. तुम्हीही आठवड्यातून एक दिवस अशांसाठी राखून ठेवा, जे तुमच्या नऊ जणांत नाहीत. फलक रंगवणारे जुने पेंटर तुमच्या पेठेतही असतील. डिजिटल फलकांनी त्यांचे काम हिरावून घेतले, पण अक्षरावरचा त्यांचा हात अजून शाबूत आहे. त्यांना शिकवायला बोलवा आणि मानधन द्या.

येत्या रविवारी सकाळी मी वाडा पाहायला येतो. उत्तरेकडच्या खिडकीतून दिवसभर एकसारखा उजेड मिळतो, तेव्हा ती खिडकी कोणाच्या खाजगी कोपऱ्यात जाण्याआधी मला बघायची आहे. कराराचा मसुदा तयार असेल तर त्याची एक प्रत माझ्यासाठी ठेव. माझ्याकडे त्या गोदामावरच्या खोलीतले दोन सागवानी ईझल, म्हणजे चित्र काढताना कॅनव्हास टेकवायचे उभे स्टँड, अजून आहेत. रिक्षात मावले तर येताना घेऊन येईन.

तुझा,
सर